ओल्गिवाना राइट : टॅलिएसिनच्या ‘वहिनी’

आरेखिका

फेब्रुवारीत लेकाकडे फिनिक्सला होते. त्याला माझं वेड ठाऊक आहे, त्यामुळे मी पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी त्याने टॅलिएसिन वेस्टची तिकिटं काढून ठेवली होती. वाळवंटातल्या दगडगोट्यांच्या तिरक्या भिंती, माथ्यावर कॅनव्हाससारखं पांढरं छत, त्यातून झिरपणारा उजेड आणि बुटक्या दारातून एकदम मोकळ्या खोलीत आल्यावर होणारी ती धडधड. हे घर बांधणाऱ्या अमेरिकन आर्किटेक्ट फ्रँक लॉइड राइटबद्दल आयुष्यभर जे वाचलं होतं, ते पायाखाली होतं. पण त्या दिवशी घरी परतले ती डोक्यात राइटपेक्षा त्यांच्या बायकोला घेऊन. सोबतच्या वाटाड्या मुलीने दीड तासात ओल्गिवानाचं नाव दोनदाच घेतलं, त्यातलं एकदा ‘तिसरी पत्नी’ म्हणून. मला ते टोचलं. का टोचलं ते सांगायचं तर आधी थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल.

मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात अकरा वर्षं ड्राफ्ट्समन होते. बायकांनाही ड्राफ्ट्समनच म्हणायचे. ट्रेसिंगवर शाईने काढायचं, चुकलं की ब्लेडने हलकेच खरवडायचं, आणि संध्याकाळी घरी जाताना केसांना अमोनिया प्रिंटचा वास. सर मोठे कलावंत होते. पण ऑफिस चालायचं ते त्यांच्या बायकोमुळे. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो. पगाराची पाकिटं वहिनी करायच्या. ठेकेदाराच्या बिलात सिमेंटच्या गोणी कुठे वाढल्या हे वहिनींना कळायचं. बंगल्याचा ओटा कुठल्या भिंतीला हवा हे क्लायंटची बायको सरांना सांगायला बिचकायची, ती वहिनींना सांगायची, आणि दुसऱ्या दिवशी नकाशात ओटा हललेला असायचा. सर गेले तेव्हा पेपरात मोठा लेख आला. त्यात वहिनींची ओळ एकच : ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे.’

तर आता ओल्गिवाना.

जन्म १८९८ चा, माँटेनेग्रोतल्या चेतिनेचा. नाव ओल्गा इव्हानोव्हना लाझोविच. पहिले दोन शब्द एकात मिसळून पुढे ओल्गिवाना झालं. वडील देशाचे सरन्यायाधीश, पण दृष्टी गेलेली. लहानपणी ती त्यांना वाचून दाखवायची. आईचे वडील मार्को मिलियानोव्ह हे तिथले नावाजलेले योद्धे आणि लेखक, आणि आईही तशीच करारी. पोरवयातच तिला काळ्या समुद्राकाठी बातुमीला बहिणीकडे पाठवलं. पहिलं लग्न हिन्झेनबर्ग नावाच्या माणसाशी, तोही आर्किटेक्टच. १९१७ मध्ये मुलगी झाली, स्वेतलाना. बाहेर रशियन क्रांती पेटलेली.

मग १९१९ मध्ये तिफ्लिसला (आजचं तिबिलिसी) तिला गुर्जिएफ भेटले. या माणसाला गुरू म्हणावं की आणखी काही, यावर लोक आजही भांडतात. माणूस झोपेत जगतो, त्याला जागं करायचं तर शरीर, मन आणि भावना तिन्हींना एकाच वेळी कामाला जुंपलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या भेटीत त्यांनी तिला काय हवंय असं विचारलं आणि विशी नुकती ओलांडलेल्या त्या मुलीने अमरत्व मागितलं, असं तिनेच पुढे लिहिलं आहे. त्यांच्यामागे ती कॉन्स्टँटिनोपल, बर्लिन करत फ्रान्सला पोचली. फाँतेनब्लोजवळ एका जुन्या वाड्यात गुर्जिएफनी संस्था थाटली होती. तिथे उमरावांच्या लेकींनी गाई दोहायच्या, बटाटे सोलायचे, दगड वाहायचे; रात्री संगीत आणि अवघड नृत्यं. लेखिका कॅथरिन मॅन्सफिल्ड क्षयाने खंगलेली होती, ती शेवटचे दिवस काढायला तिथेच आली आणि ९ जानेवारी १९२३ ला तिथेच गेली. त्या दिवसांत तिच्या जवळ असणाऱ्यांत ओल्गिवाना होती, आणि त्यावर तिने पुढे लेखही लिहिला.

हा वाडा लक्षात ठेवा, तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

३० नोव्हेंबर १९२४. शिकागोत बॅलेचा प्रयोग. तिला जागा मिळाली ती नेमकी राइट बसले होते त्या बॉक्समध्ये. ते ५७ वर्षांचे, ती सव्वीस पुरी व्हायची होती. राइट यांची तेव्हाची स्थिती काय होती ते नीट बघा. पहिली बायको आणि सहा मुलं सोडून ज्या मेमा बॉर्थविकसोबत ते विस्कॉन्सिनमधल्या टॅलिएसिनला (मूळचं घर हे, वाळवंटातलं वेस्ट नंतरचं) राहिले, ती १९१४ मध्ये तिथेच मारली गेली. एका नोकराने घर पेटवून कुऱ्हाडीने सात जणांना ठार केलं, त्यात ती आणि तिची दोन्ही मुलं. दुसरी बायको मिरियम नोएल सोडून गेली होती, पण घटस्फोट झाला नव्हता. तोक्योचं इम्पीरियल हॉटेल संपलं होतं आणि हातात काम जवळजवळ नव्हतं.

ओल्गिवाना १९२५ च्या सुरुवातीला टॅलिएसिनला आली. एप्रिलमध्ये घर पुन्हा जळालं. डिसेंबरात मुलगी झाली, इओव्हाना, तर मिरियम थेट इस्पितळात येऊन धडकली. पुढची दोन वर्षं खटले, वर्तमानपत्रं, परदेशी म्हणून हाकलून देण्याच्या धमक्या. ऑक्टोबर १९२६ मध्ये मिनिआपोलिसजवळ एका तळ्याकाठी लपून राहिले असताना दोघांना अटक झाली. बाईला अनैतिक हेतूने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलं, असा आरोप. कडेवर तान्ही मुलगी, सोबत नऊ वर्षांची स्वेतलाना, आणि कोठडी. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण घर बँकेने ताब्यात घेतलंच. लग्न लागायला ऑगस्ट १९२८ उजाडला.

याच लपाछपीच्या दिवसांत ती त्यांना आत्मचरित्र लिहा म्हणून मागे लागली. ते छापून आलं १९३२ मध्ये. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात वास्तुकलेचं मोठं प्रदर्शन झालं. ते भरवणाऱ्यांतले फिलिप जॉन्सन राइटना ‘एकोणिसाव्या शतकातला सर्वांत थोर आर्किटेक्ट’ म्हणायचे. म्हणजे ६५ वर्षांच्या माणसाला जिवंतपणीच फोटोत घालून भिंतीला टांगलं होतं.

आणि त्याच वर्षी, ऑक्टोबरात, टॅलिएसिन फेलोशिप सुरू झाली. वीस-तीस तरुण मुलं-मुली. वर्षाची फी आधी ६५०, लवकरच ११०० डॉलर. वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत. मुलांनी शेत कसायचं, लाकडं फोडायची, चुना भाजायचा, पाळीपाळीने स्वयंपाक करायचा, आणि राइट यांच्या टेबलाशी बसून नकाशे काढायचे. रविवारी रात्री झकपक कपडे घालून जेवण, मग गाणं-बजावणं. कुठे पाहिलं होतं हे? फाँतेनब्लोच्या वाड्यात. गुर्जिएफ स्वतः १९३४ मध्ये टॅलिएसिनला येऊन राहून गेले. राइट यांच्या मावश्या तिथे शाळा चालवायच्या, त्यामुळे शाळेचं स्वप्न त्यांचंही होतं. पण माणसं एका छपराखाली वर्षानुवर्षं कशी नांदवायची हे त्यांना कधी जमलेलं नव्हतं. तिला ते शिकवून झालं होतं.

आता एक साखळी सांगते आणि थांबते. पिट्सबर्गच्या एका बड्या दुकानदाराचा मुलगा, एडगर कॉफमन धाकटा. त्याने राइट यांचं आत्मचरित्र वाचलं, भारावून १९३४ मध्ये फेलोशिपमध्ये दाखल झाला. त्याला भेटायला आईवडील टॅलिएसिनला आले. त्या भेटीतून निघालं फॉलिंगवॉटर, धबधब्यावरचं घर. पुस्तक तिने लिहायला लावलेलं, शाळा तिने उभी केलेली. त्या घराच्या कुठल्याही नकाशावर तिचं नाव नाही.

२०१९ मध्ये युनेस्कोने राइट यांच्या आठ वास्तू जागतिक वारशात घेतल्या. त्यातल्या चार (फॉलिंगवॉटर, जेकब्स हाउस, टॅलिएसिन वेस्ट, न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय) पूर्णपणे तिच्या येण्यानंतरच्या आहेत. राइट ९ एप्रिल १९५९ ला गेले. त्यानंतर २६ वर्षं, १ मार्च १९८५ ला स्वतः जाईपर्यंत, सगळा कारभार तिने हाकला.

तिच्याबद्दल वाईटही पुष्कळ लिहिलं गेलंय, ते मी वाचलंय. इथल्या जाणकारांनी लिहावं.

---

माळरान

ताई, सुंदर लिहिलंय. ‘पश्चात पत्नी’ वाचून थांबलो, माझ्या वडिलांच्या बातमीतही आईची ओळ हीच होती.

पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. मंदीच्या काळात ११०० डॉलर ही केवढी रक्कम! ती भरायची आणि वर भांडी घासायची, दगड वाहायचे, त्यांचंच घर बांधायचं? याला शिक्षण म्हणायचं की वेठ?

---

आरेखिका

@माळरान, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही त्याचं एकच उत्तर नाही. फीशिवाय टॅलिएसिनचं छप्पर गळत राहिलं असतं हे उघड आहे. काम नसलेल्या आर्किटेक्टला जगवायचा तो मार्ग होता. आपल्याकडे गवयाच्या घरी राहून पाणी भरणारे शिष्य आपण पाहिलेत, पण त्यांना फी नसायची.

माझ्या मते तिथे मिळालं ते असं. सकाळी स्वतः वाहिलेला दगड दुपारी नकाशात काढायचा. चाळीस माणसांचा स्वयंपाक केलेल्या मुलाला स्वयंपाकघराचा नकाशा निराळाच दिसतो. मी अकरा वर्षं जिने काढले, पण साइटवर पाय ठेवायला मला चौथं वर्ष उजाडलं. पहिल्यांदा स्लॅब पडताना पाहिला तेव्हा कळलं की मी सळ्यांच्या नुसत्या रेघा मारत होते. त्या मुलांना हे पहिल्या आठवड्यात मिळालं. टॅलिएसिन वेस्टच्या भिंती त्यांनीच उभ्या केल्या : लाकडी साच्यात वाळवंटातले दगड लावायचे, सपाट बाजू बाहेर, मागे सिमेंटचं मिश्रण. हात लावला की कळतं, या भिंती शिकाऊ हातांनी केल्यात. त्यामुळेच त्या मला जास्त आवडल्या.

ओल्गिवानाची दुसरी बाजूही खरी आहे. कोणी कुठे बसायचं, कोणाला कुठलं काम, कोणाचं कोणाशी जमावं इथपर्यंत तिचा हात पोचायचा. काही जण तिच्यामुळे निघून गेले. काही जण तिच्यामुळे अख्खं आयुष्य तिथे राहिले. एकाच पंक्तीत बसलेल्यांच्या या दोन तऱ्हा आहेत.

---

तळ्याकाठी

मी मॅडिसनला एकोणीस वर्षं आहे. इथून पश्चिमेला तासाभरावर स्प्रिंग ग्रीन, म्हणजे मूळचं टॅलिएसिन. तिथलं एक सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

टॅलिएसिनजवळ युनिटी चॅपल म्हणून लहानसं प्रार्थनाघर आहे. राइट यांच्या आईकडच्या मंडळींचं. आवारात सगळ्या नातेवाइकांच्या कबरी. १९५९ मध्ये राइटना तिथेच पुरलं, मेमा बॉर्थविकच्या कबरीपासून जवळ. १९८५ मध्ये ओल्गिवाना ॲरिझोनात वारली, आणि तिची शेवटची इच्छा म्हणून काही आठवड्यांत राइट यांचं शव उकरून काढलं. २६ वर्षांनी! दहन करून रक्षा ॲरिझोनाला नेली, तिच्या रक्षेसोबत ठेवायला. मुलगी इओव्हानाची संमती होती. बाकी नातेवाईक आणि इथले लोक खवळले.

दगड अजून तिथे आहे. त्यावर राइट यांचं नाव आहे, खाली ते नाहीत. मी दर शरद ऋतूत एकदा जातो. ज्या दरीवर त्या माणसाने जन्मभर जीव टाकला, ज्या टेकडीच्या कपाळावर घर बांधलं (टॅलिएसिन म्हणजे वेल्श भाषेत ‘चमकतं कपाळ’), तिथून त्याला त्याच्या मृत्यूनंतर उचलून नेणं मला अन्यायाचं वाटतं. तिने त्यांच्यासाठी जे केलं ते मान्य करून सांगतो, हे तिने करायला नको होतं.

---

जुनं_कात्रण

या कुटुंबाचा एक धागा थेट आपल्या गंगेपर्यंत येतो. मी तेव्हा शाळेत होतो, पण घरी पेपरात रोज काय यायचं ते आठवतं.

स्टालिनची मुलगी स्वेतलाना अलिलुयेवा. मॉस्कोत तिचं उत्तर प्रदेशातल्या कालाकांकरच्या ब्रजेश सिंहांशी जमलं होतं. सोव्हिएत सरकारने लग्नाची परवानगी दिली नाही. ते १९६६ मध्ये वारले, त्यांच्या अस्थी घेऊन ती भारतात आली. अस्थी गंगेला दिल्या, काही महिने कालाकांकरला राहिली, आणि मार्च १९६७ मध्ये दिल्लीत अमेरिकेच्या वकिलातीत शिरून तिने आश्रय मागितला. केवढा गहजब झाला होता!

आता टॅलिएसिनकडे. ओल्गिवानाची थोरली लेक, तिचंही नाव स्वेतलाना. तिने फेलोशिपमधल्या पहिल्या मुलांपैकी एकाशी, वेस्ली पीटर्सशी लग्न केलं होतं. हा पीटर्स राइट यांचा उजवा हात, फॉलिंगवॉटरच्या बांधकामाच्या आकडेमोडीतही होता. १९४६ मध्ये मोटार अपघातात ही स्वेतलाना गेली, पोटात आणखी एक मूल होतं, आणि सोबत धाकटा मुलगा गेला. ओल्गिवाना त्यातून कधीच पुरती बाहेर आली नाही.

१९७० मध्ये तिने स्टालिनच्या मुलीला टॅलिएसिन वेस्टला बोलावून घेतलं. नाव तेच. तीन आठवड्यांत तिचं आणि पीटर्सचं लग्न झालं! स्वेतलानाने आपल्या पैशातून नवऱ्याची कर्जं फेडली, १९७१ मध्ये मुलगी झाली. पण स्वतःची चूल नाही, रोज पंक्तीत जेवायचं, सगळं मिसेस राइटना विचारून करायचं. हे तिला जमेना. १९७३ मध्ये घटस्फोट. तिने पुढे लिहिलं की त्या घरातल्या दरबारात तिला आपल्या बापाचा दरबार आठवायचा. हे स्टालिनच्या मुलीने म्हणावं, याचं वजन लक्षात घ्या.

---

तळ्याकाठी

@जुनं_कात्रण, यात एक भर. ती स्वेतलाना शेवटी विस्कॉन्सिनमध्येच राहिली, लाना पीटर्स या नावाने. २०११ मध्ये रिचलंड सेंटरला वारली. राइट यांचा जन्म त्याच गावचा.

---

आरेखिका

@जुनं_कात्रण, हे लिहिल्याबद्दल फार आभार. मी मुद्दाम गाळलं होतं असं नाही, मला ते लिहायला जड गेलं. मेलेल्या लेकीचं नाव धारण करणारी बाई दिसली आणि आईने तिला जावयाच्या पदरात घातली. मी दोन मुलांची आई आहे. मला यात कपट दिसत नाही, शोक दिसतो. पण त्या शोकाने दुसऱ्या एका बाईचं आयुष्य वापरलं, हेही खरं.

@तळ्याकाठी, कबरीबद्दल तुमच्याइतकं ठाम मला होता येत नाही. ती लग्नाची बायको, एकतीस वर्षं संसार, त्याआधी त्याच्यापायी कोठडी. आणि तो पुरलेला कुठे, तर आधीच्या प्रेयसीशेजारी. तुम्ही दरीच्या बाजूने पाहताय, मी तिच्या बाजूने पाहू बघते.

---

पाऊसवाट

मी वास्तुकलेतली नाही, डॉक्टर आहे. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आली ती आर्किटेक्ट लॉरी बेकरांची पत्नी, डॉ. एलिझाबेथ. मूळच्या केरळच्या. बेकर इंग्लंडचे, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे. युद्धात चीनमध्ये सेवा करून परतताना मुंबईत बोटीसाठी थांबले असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली, ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बापूंचं लक्ष त्यांच्या पायातल्या घरी शिवलेल्या कापडी जोड्यांकडे गेलं होतं. एलिझाबेथची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही.

दोघांचं १९४८ मध्ये लग्न झालं आणि मधुचंद्राला म्हणून हिमालयात पिथौरागढला गेले. डॉक्टर आलीय म्हटल्यावर डोंगरातून रुग्ण यायला लागले. दोघं जवळजवळ सोळा वर्षं राहिले! इस्पितळात त्या डॉक्टर, आणि नवरा पडेल ते काम करणारा मदतनीस. त्या वर्षांत बेकरांनी पहाडी माणसं हातातल्या दगडमातीने घर कसं बांधतात ते रोज पाहिलं. पुढे केरळात त्यांनी स्वस्त घरांचं जे काम केलं त्याचं शिक्षण हे. आणि ते घडलं कारण बायकोचा दवाखाना तिथे होता. माझं म्हणणं एवढंच, की इथे नवराच बायकोच्या कामामागे गेला होता. पुढे नवऱ्याबद्दल पुस्तकही त्यांनीच लिहिलं.

---

लिंटेल_लेव्हल

मी आत्ता चौथ्या वर्षाला आहे, आर्किटेक्चर. धागा रात्री दोनला वाचून संपवला, उद्या सबमिशन असताना.

ओल्गिवानाबद्दल आम्हाला काहीच शिकवलेलं नाही. पण राइट यांच्या भोवतीची आणखी एक बाई, मॅरियन माहोनी, माझ्यासाठी फार महत्त्वाची आहे. १८९४ ची एमआयटीची पदवीधर, इलिनॉयमध्ये परवाना मिळवलेली पहिली स्त्री आर्किटेक्ट. राइट यांच्या ओक पार्कच्या ऑफिसात तिने काढलेली चित्रं, झाडापानांतून डोकावणारी घरं, जपानी छाप्यांसारखी, तीच १९१० मध्ये बर्लिनहून निघालेल्या प्रसिद्ध संचात मोठ्या संख्येने आहेत. युरोपला राइट कळले ते त्या संचातून. नंतर तिने वॉल्टर बर्ली ग्रिफिनशी लग्न केलं. कॅनबेरा शहराची स्पर्धा त्याने १९१२ मध्ये जिंकली, तेव्हा परीक्षकांसमोरची रेखाटनं तिच्या हातची होती.

आणि वॉल्टर गेला कुठे, तर लखनौला, १९३७ च्या फेब्रुवारीत! विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठी आला होता, तिथेच पुरलाय. मॅरियन तेव्हा सोबत होती, हातातली कामं तिने मार्गी लावली आणि मग परत गेली. पुढे तिने दोघांच्या आयुष्यावर भलंमोठं हस्तलिखित लिहिलं. तिच्या हयातीत ते कोणी छापलं नाही.

ताई, एक विचारायचं होतं. ओल्गिवानाने नकाशे सांभाळले का? कारण आम्हाला राइट यांच्या पेन्सिलीच्या रेघा दिसतात त्या कोणीतरी ठेवल्या म्हणूनच ना?

---

आरेखिका

@लिंटेल_लेव्हल, आधी सबमिशन कर, मग वाच. पण उत्तर देते.

हो, सांभाळले. राइट गेल्यावर त्यांच्या नावाचं फाउंडेशन तिच्या हाती होतं, आणि ब्रूस ब्रुक्स फायफर नावाचा १९४९ मध्ये आलेला एक शिष्य कागदपत्रांच्या मागे जन्मभर लागला. टॅलिएसिन वेस्टला वाळवंटातल्या उन्हातान्हात हे सगळं जपणं किती कठीण असेल याची कल्पना कर. आमच्या ऑफिसात तर एका पावसाळ्यात वाळवीने दोन बंगले खाल्ले होते. पैसा कमी पडला तेव्हा फाउंडेशनने काही मूळ रेखाटनं विकली, त्यावर टीकाही झाली. तरी २०१२ मध्ये तो संग्रह न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठ आणि आधुनिक कला संग्रहालय यांच्याकडे गेला, तेव्हा नुसती रेखाटनं २३ हजारांच्या आसपास होती. उरलेली शिष्य मंडळी ‘टॅलिएसिन असोसिएटेड आर्किटेक्ट्स’ या नावाने तिच्या देखरेखीत काम करत राहिली. गुगेनहाइम राइट यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी उघडलं. टेम्पीचं गॅमेज सभागृह १९६४ मध्ये. मला लेकाने तिथे मैफलीला नेलं होतं. शेवटच्या रांगेत बसूनही सतारीची मींड स्वच्छ ऐकू आली.

मॅरियनचं हस्तलिखित मला माहीत नव्हतं. लखनौ तर मुळीच नाही. शाब्बास.

---

माळरान

पुन्हा येतोय, कारण धागा वाचून माझं मत हललं. वेठ हा शब्द मागे घेत नाही, पण त्यात भर घालतो. राइट यांच्याबद्दल कोणी ‘हुकूमशहा’ म्हटलं की लोक लगेच म्हणतात, प्रतिभावंत होते, असायचेच. तीच सक्ती तिने केली की ती कारस्थानी, ड्रॅगन वगैरे. इंग्रजीत तिच्यावरचं जे दोन-चार ठिकाणी वाचलं त्यात हेच शब्द. तिच्या सक्तीशिवाय दुपारचं जेवण वेळेवर झालं नसतं आणि त्यांच्या सक्तीशिवाय भिंत तिरकी झाली नसती. मोजमाप एकच लावा.

---

तळ्याकाठी

@माळरान, सहमत. @आरेखिका, तुमचं उत्तर दोन दिवस डोक्यात होतं. काल बायकोला विचारलं, तू असतीस तर? ती म्हणाली, मी नेलं असतं. आणि मग म्हणाली, पण आधी तुला विचारलं असतं. राइटना कोणी विचारलं होतं का, हे मला कुठे सापडलं नाही. माझा विरोध तिथेच आहे, पण थोडा मऊ झालाय.

---

पाऊसवाट

@आरेखिका, तुमच्या वहिनी आहेत का अजून? सरांच्या?

---

आरेखिका

@पाऊसवाट, आहेत. ८७ वर्षांच्या. तुमचा प्रश्न वाचून परवा फोन केला, सात-आठ वर्षांनी. आवाजावरून ओळखलं त्यांनी. ओल्गिवानाबद्दल सांगितलं, तर पहिला प्रश्न काय : “चाळीस माणसांना रोज काय करून घालायची गं?” मी म्हटलं, मुलंच करायची, पाळीने. तर म्हणाल्या, “हां, मग हुशार होती.”

मग बोलता बोलता कळलं, एका कॉलेजचे लोक सरांची ड्रॉइंग्ज न्यायला येणार आहेत, संग्रहासाठी. माळ्यावर वहिनींच्या वह्यासुद्धा आहेत. १९७१ पासूनच्या. कुठल्या साइटवर किती गोणी, कोणाला किती उचल, कुठल्या क्लायंटने नकाशात काय बदलायला लावलं आणि का. त्यांना विचारलं, वह्या पण देताय ना? म्हणाल्या, “त्यांनी मागितल्या नाहीत. रद्दीवाल्याला सांगितलंय रविवारी.”

---

लिंटेल_लेव्हल

ताई नका देऊ!!! मी पुण्यातच आहे. माझ्याकडे चांगला स्कॅनर आहे, वर्गातले दोघं-तिघं येतील. शनिवारी चालेल?

---

आरेखिका

शनिवारी दहा वाजता. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. वहिनींशी बोलले, रद्दीवाल्याला नको म्हणून सांगितलंय. जेवूनच जायचं असं त्यांनी बजावलंय, किती जण येणार ते आदल्या दिवशी कळव.